काल आलात तेव्हा

१

मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी सहाला आम्ही लखनौहून श्रावस्तीला निघालो. बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, बुद्ध जिथे राहिले ते जेतवन पाहायचं होतं. आशुतोषची इथे बदली झाल्यापासून ते दरवर्षी उन्हाळ्यात नागपूरहून येत. दरवर्षी जायचं ठरे, आणि दरवर्षी कधी आशुतोषची साइट, कधी माझी विमा ऑफिसातली तपासणी मधे येई. यंदा बाबांना शहात्तर वर्षं पूर्ण झाली. "आता पुढल्या वर्षीचं काही सांगू नका मले," असं त्यांनी आल्या आल्याच बजावलं.

गाडीत आम्ही चौघं. पुढे आशुतोष आणि मी, मागे बाबा आणि आमची नऊ वर्षांची अमृता. खिडक्यांना ओले पंचे लावले होते. डब्यात पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि उन्हाचा त्रास होऊ नये म्हणून चार कांदे. इंदिरा नगरमधून बाहेर पडेपर्यंत अमृताने एक पुरी खाऊनही टाकली.

"आत्ताच? श्रावस्तीला काय खाशील?" मी म्हटलं.

"वहाँ भी पूरी," ती म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं. उत्तर मात्र हिंदीतच येतं. आशुतोषही तिच्याशी हिंदीच बोलतो. त्यावरून माझी आणि त्याची कितीदा वादावादी झाली आहे.

रामनगरच्या पुढे, घाघरेचा पूल यायच्या आधी, एका ढाब्यावर थांबलो. बाजांवर बसतो न बसतो तोच मालक स्वतः ट्रे घेऊन आला. आम्ही अजून काही मागितलंही नव्हतं. दोन चहा, अमृतासमोर लस्सी, आणि बाबांसमोर स्टीलच्या पेल्यात वेगळा चहा.

"बाबूजी की फीकी," तो म्हणाला. "काँच का गिलास हाथ से छूटता है, इसलिए स्टील का."

बाबांना मधुमेह आहे. गेल्या वर्षापासून त्यांचा हात थरथरतो. घरी मी त्यांना स्टीलच्याच पेल्यात चहा देते.

"आपको कैसे पता?" मी विचारलं.

तो हसला. "कल आप ही ने तो बताया था, बहूजी."

२

आशुतोषने ते हसण्यावारी नेलं. "दिवसाला पाचशे गिऱ्हाईकं येतात गं. कोणाचं तरी कोणाला चिकटवलं असेल."

मी हो म्हटलं. पण पूल ओलांडला, कैसरगंज मागे पडलं, तरी डोक्यातून ते जाईना. आशुतोष सरकारी बांधकाम खात्यात इंजिनियर आहे आणि बहराइचला महिन्यातून दोनदा येतो. याच रस्त्याने येतो. काल शुक्रवारी सकाळी सातला निघून रात्री जेवायला घरी आला होता. मी त्याच्याकडे पाहिलं. तो गुणगुणत गाडी चालवत होता.

"काल तू कुठे होतास?" मी विचारलं.

"उन्नावला. का?"

"काही नाही."

मलाच माझी लाज वाटली. समजा, तो दुसऱ्या बाईला घेऊन आला. पण कुठली बाई सोबत नऊ वर्षांची मुलगी आणि साखर न खाणारा म्हातारा घेऊन येईल? त्यापेक्षा ढाबेवाल्याची चूक मानणं सोपं होतं. मी तीच मानली. बाहेर शेतं कापून झाली होती, नुसती धसकटं उरली होती, आणि नऊ वाजताच लू, तो भाजून काढणारा वारा, सुरू झाली होती.

३

जेतवनाच्या फाटकाशी गर्दी नव्हती. एवढ्या उन्हात कोण येणार? बाबांनी चपला हातात घेतल्या. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मातीवर पाय टेकवताच ते पुटपुटायला लागले, आणि त्यांचे डोळे भरून आले. आशुतोषने त्यांचा हात धरला. त्या एका क्षणासाठी आलो ते बरं झालं, असं मला वाटलं.

तेवढ्यात फाटकावरचा चौकीदार खुर्चीतून उठला. अमृताकडे वाकून म्हणाला, "गुड़िया, घुटना कैसा है अब?"

अमृताने आपल्या दोन्ही गुडघ्यांकडे पाहिलं. "ठीक है," ती गोंधळून म्हणाली.

त्यानेही पाहिलं. तिचा फ्रॉक गुडघ्यापर्यंतच होता. त्याचं हसू हळूहळू मावळलं. "इतनी जल्दी..." एवढंच तो म्हणाला आणि परत बसला.

आत गेल्यावर मी अमृताचा हात सोडला नाही. जुन्या विहारांच्या विटांच्या पायांमधून वाटा गेल्या आहेत, मधे हिरवळ आहे, माकडं आहेत. ती ओढ घेत होती, मी आवळून धरत होते. तिथल्या बोधिवृक्षाजवळ तिने हिसका दिला, मीही उलट हिसका दिला, आणि ती विटांच्या कडेवर आपटली. डावा गुडघा चांगलाच फुटला.

माझ्यामुळेच पडली. सोडलं असतं तर पडली नसती.

चौकीदाराने खोलीतून पत्र्याची पेटी आणली. आत कापूस, लाल औषध आणि बँडेजचं अर्धं संपलेलं भेंडोळं होतं. त्याने डाव्या गुडघ्यावर पट्टी बांधली. बांधताना त्याने माझ्याकडे एकदाही वर पाहिलं नाही. पेटी बंद करताना तो स्वतःशीच म्हणाला, "यही वाला था."

४

दुपारी एका छोट्या विहारात जेवलो. आशुतोषच्या ऑफिसातल्या कोणाच्या तरी ओळखीचा होता. वरण, भात, काकडी. जेवणाच्या खोलीत जुना पंखा प्रत्येक फेऱ्याला कट् असा आवाज करायचा. बाबांनी तिथल्या भंतेजींना वंदन केलं, आणि त्यांनी आमच्यापुढे अभिप्रायाची वही सरकवली.

मी पेन उघडलं. शेवटची नोंद मराठीत होती. त्यात नवल काही नाही. नागपूरकडची माणसं बारा महिने इथे येतात. मी वाचली.

*बाबांची इच्छा पूर्ण झाली. इथली निर्मळ शांतता, हे क्षण आणि आठवणी सोबत घेऊन जात आहोत. आम्ही चौघे, इंदिरा नगर, लखनौ.*

खाली तारीख कालची होती. अक्षर माझं होतं.

अक्षर सारखं असू शकतं. पण मी 'ळ' आणि 'ण' शाळेपासून एका विशिष्ट तऱ्हेने काढते, शेपूट उगाच वर नेते. बाईंनी त्याबद्दल मारलंही होतं. त्या नोंदीत चार 'ण' होते आणि एक 'ळ'. पाचही शेपट्या वर गेलेल्या.

वही माझ्या हातातून आशुतोषने घेतली. त्याने नोंद दोनदा वाचली. मग मला बाजूला घेऊन गेला.

"काल तू ऑफिसला गेली होतीस?"

"तू मला विचारतोयस?"

"हे तुझं अक्षर आहे, रुचिरा."

"मग मी काल बाबांना आणि अमृताला घेऊन दीडशे-दोनशे किलोमीटर आले, आणि आज पुन्हा आले? मला गाडी येते का चालवता?"

"ड्रायव्हर करता येतो."

"आणि बाबा सांगणार नाहीत? अमृता गप्प बसेल?"

त्याची नजर बदलली नाही. बारा वर्षांत त्याने माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर सकाळपासून मी त्याच्याकडे तसंच पाहत होते.

बाबा मागे येऊन उभे होते. "काहून भांडता बाप्पा?" ते म्हणाले. "चला, भंतेजी म्हणत होते ते टेकाड पाहून घेऊ आन् घरी जाऊ. मले पण आता घरी जावंसं वाटून राहिलं."

५

टेकाड तिथून चार-पाच किलोमीटरवर होतं. भंतेजींनी सांगितलं होतं की जुना स्तूप असावा, फारसं कोणी जात नाही, पण वरून सगळा प्रदेश दिसतो. उसाच्या शेतांमधून कच्चा रस्ता होता. शेवटी विटा आणि मातीचा तीन मजली उंच ढीग, त्यावर वाळलेलं गवत. उजवीकडून एक पायवाट वर जात होती आणि मागे वळून दिसेनाशी होत होती. डावीकडून दुसरी उतरत होती.

पायथ्याशी कडुनिंबाखाली एक म्हातारी दोन माठ घेऊन बसली होती. येणाऱ्याला पाणी पाजायची. आशुतोषला पाहताच ती हात टेकून उभी राहिली.

"उतर आए, भैया?" ती म्हणाली. "हम तो कल साँझ तक बैठे रहे."

मी तिच्या समोर जाऊन बसले. "अम्मा, नीट सांगा," असं मी चक्क मराठीत म्हणाले. मग हिंदीत विचारलं. ती सरळपणे सांगत गेली. काल याच वेळी आम्ही आलो. चौघंही वर गेलो. बाबूजींना हळूहळू नेलं. मग तिघं उतरलो, बाबूजी, बच्ची आणि बहूजी. भैया उतरले नाहीत.

"मग आम्ही शोधलं नाही?"

"नहीं बिटिया. हँसते-बोलते गाड़ी में बैठ गए. जैसे तीन ही आए हों." थोडं थांबून ती म्हणाली, "गाड़ी तुम ही चला रही थीं."

त्यावर आशुतोष मोठ्याने हसला. मला आजही ते हसू आठवतं, कारण ते मनापासूनचं होतं. "ऐकलंत बाबा? ही गाडी चालवत होती! हिला रिक्षात बसून वळण आलं तरी डोळे मिटावे लागतात." सकाळपासून चढलेला ताण त्याच्या चेहऱ्यावरून उतरला. ढाबेवाला, चौकीदार, वही, हे सगळं त्या एका खोट्या वाक्याने खोटं ठरलं, असं त्याला वाटलं असावं.

"चला परत," मी म्हटलं. "कोणीही वर जायचं नाही."

"अशाने आयुष्यभर हे आपल्या डोक्यात राहील. चौघं गेले होते ना? मी एकटा जातो. पाच मिनिटांत येतो. म्हणजे गोष्टच संपली."

"आशुतोष, नको."

"आशू," बाबाही म्हणाले, "राहू दे."

पण तो निघालाही होता. निळ्या चौकटीचा शर्ट उजव्या पायवाटेने चढत गेला आणि मागे वळला. मी घड्याळ पाहिलं. तीन वाजून दहा मिनिटं. लूचा आवाज सोडला तर काही ऐकू येत नव्हतं. उसाची पानं एकमेकांवर घासत होती. म्हातारी रिकामा माठ कमरेवर घेऊन नळाकडे गेली.

सहा मिनिटांनी तो डाव्या वाटेने उतरला.

६

"काय होतं वर?" मी विचारलं.

"काही नाही. बसा गाडीत."

"दिसतं का लांबचं?"

"बसा ना," तो म्हणाला.

त्याच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता. पायथ्याशी नुसतं उभं राहून माझी पाठ भिजली होती आणि हा माणूस तीन मजले चढून-उतरून कोरडा होता. लूमध्ये घाम लगेच सुकतो, हे मलाही ठाऊक आहे. मी तेच स्वतःला सांगत होते. त्याने गाडी सुरू केली आणि चारही दारं आतून लॉक केली. खट्, असा आवाज आला. उजाड कच्च्या रस्त्यावर कशाला?

शे-दोनशे मीटर गेलो असू. मागच्या काचेला नाक लावून बसलेली अमृता म्हणाली, "मम्मा, पापा ऊपर हैं."

मी वळले. टेकाडाच्या माथ्यावर, अगदी कडेला, निळ्या चौकटीच्या शर्टातला माणूस उभा होता. दोन्ही हात हलवत होता. ओरडत असावा. आवाज पोचत नव्हता. बाबांनीही पाहिलं. त्यांनी माझ्या सीटची पाठ घट्ट पकडली.

मी शेजारी पाहिलं. तो आरशात पाहत होता. त्यालाही दिसत होतं.

"कोणी नाही बेटा तिथे," तो अमृताला म्हणाला. "मागे बघू नकोस."

मराठीत म्हणाला.

"गाडी थांबव," मी म्हटलं.

"रुचिरा, ऐक—"

"थांबव, नाही तर मी दार उघडून उडी मारीन."

त्याने गाडी थांबवली. लॉक काढलं. मी उतरले, मागचं दार उघडून अमृताला ओढून घेतलं, बाबांना हात दिला. तो स्टिअरिंग धरून बसून राहिला. खाली उतरला नाही, अडवलं नाही.

"मी त्याला वर पाहिलंय," तो म्हणाला. "परत जाऊ नकोस."

मी दार लोटलं.

७

परत चालत जाताना मी एकदाही मागे पाहिलं नाही. अमृता लंगडत होती. बाबा धापा टाकत होते. अर्ध्या वाटेवर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, आणि तो लांब लांब गेला.

आशुतोष कडुनिंबाखाली बसला होता. शर्ट घामाने अंगाला चिकटलेला, चेहरा तांबडालाल. आम्हाला पाहताच तो ओरडला, "गाडी कुठे नेली? कोण चालवत होतं? मी वरून घसा फोडतोय!"

मी तिथेच मातीत बसले आणि रडले. त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्याचाच हात होता. अंगठ्यावरचा भाजल्याचा डाग होता. अमृता जवळ गेली तेव्हा तो म्हणाला, "आ जा, मेरी बिल्ली," आणि माझ्या मनातली उरलीसुरली शंकाही गेली. घरी तो तिला असंच बोलावतो.

मग त्याने पाणी मागितलं. म्हातारी भरलेला माठ घेऊन परत आली होती. ती लोटा देत गेली आणि तो पीत गेला. पाच, सहा, सात लोटे. ओठ फुटून रक्ताळले होते. नाकाची कातडी सोलवटून निघत होती. दहा-पंधरा मिनिटांच्या उन्हात असं होतं का, हा प्रश्न माझ्या मनात आला. मी तो तिथेच दाबला.

म्हातारी त्याच्याकडे पाहत होती. "चलो, मिल तो गए," ती म्हणाली. तिचा जीव खरोखर भांड्यात पडला होता.

एका टेम्पोने बहराइच गाठलं आणि तिथून बसने लखनौ. वाटेत आशुतोषने पोलिसांत गाडी चोरीला गेल्याची तक्रार नोंदवली. त्याचा फोनही गाडीतच राहिला होता. "चोर कसा दिसत होता?" असं हवालदाराने मला विचारलं. मी म्हटलं, "पाहिला नाही."

८

याला आता सात आठवडे झाले. गाडी सापडली नाही. आशुतोषने नवा फोन आणि नवा नंबर घेतला.

आशुतोष ऑफिसला जातो, येतो. भाजी आणतो. त्याला सगळं आठवतं: आमचं लग्न, पहिली भाड्याची खोली, माझ्या आईचं आजारपण. मी आडून आडून विचारून पाहिलं आहे. एकदाही चुकला नाही. मी इतक्या बारकाईने विचारते, यातच माझ्या मनाची अवस्था आली.

बाबा जूनअखेरपर्यंत राहणार होते. श्रावस्तीहून आल्यावर चौथ्या दिवशी ते नागपूरला गेले. निघताना आशुतोष पाया पडायला वाकला तर ते बॅगेची चेन लावत राहिले. आता रोज संध्याकाळी माझ्या फोनवर फोन करतात. अमृता जेवली का, शाळेत कोण सोडतं, ती कोणाजवळ झोपते, एवढं विचारतात. पूर्वी प्रत्येक फोनच्या शेवटी "आशूले दे" म्हणत. आता म्हणत नाहीत. मीही विचारत नाही.

परवा रविवारी सकाळी मी कणीक मळत होते. आशुतोष आंघोळीला गेला होता. न्हाणीघरात नळ जोरात चालू होता, बादली भरत होती. बाहेरच्या खोलीत माझा फोन वाजला आणि अमृताने उचलला.

"हाँ... हाँ, खा लिया... नहीं, अब दर्द नहीं होता." मग ती बराच वेळ ऐकत राहिली. "मम्मा आटा गूँध रही हैं."

मला वाटलं बाबाच असतील. हात धुऊन मी बाहेर आले. अमृताने फोन छातीशी धरला होता. स्क्रीनवर आशुतोषचं नाव होतं, गाडीत राहिलेल्या जुन्या फोनचं.

"कोण आहे?"

"पापा," ती अगदी हळू म्हणाली. तिचे डोळे न्हाणीघराच्या दाराकडे होते. "पूछ रहे हैं, वो अभी घर पर है क्या?"

मी फोनसाठी हात पुढे केला. कानाला लावला. पलीकडे कोणीतरी श्वास घेत होतं, आणि मागे रस्त्याचा आवाज होता. हो म्हणावं की नाही, हे मला ठरवता येईना.

तेवढ्यात न्हाणीघरातला नळ बंद झाला. बादली भरली म्हणून असेल. पण त्यानंतर तांब्याचा आवाज आला नाही, अंगावर पाणी ओतल्याचा आला नाही. दाराच्या पलीकडे तो अगदी स्तब्ध उभा होता.